हे चित्र कोणाचं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. त्यांच्या हयातीत मी त्यांना 'सर' याखेरीज काही म्हणालो नाही. आज व्यासपीठावर चढलो म्हणून ते बदलणार नाही. सर परळला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात आम्हाला शरीररचना शिकवायचे. सर्वांना झेपेल असा काही विषय द्यावा, असं संयोजकांनी सुचवलं होतं. मी म्हटलं, सरांच्या नावाने बोलायचं तर सरांचाच विषय घेतो: मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्या. विषय ऐकायला अवघड वाटेल. पण या रक्तवाहिन्या इथे बसलेल्या प्रत्येकाकडे आहेत, आणि प्रत्येकाकडे वेगळ्या आहेत. मला आज जे सांगायचं आहे ते या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

मी १९७६ साली कॉलेजात आलो. घर लालबागला, चाळीत. डिसेक्शन हॉलमधून आलो की फॉर्मालिनचा वास कपड्यांना, केसांना, बोटांच्या पेरांना. आई उंबऱ्याच्या आत घेत नसे. गॅलरीच्या टोकाला नळावर अंघोळ, कपडे बादलीत, मग घरात पाऊल. जेवताना उजवा हात तोंडाशी नेला की वास यायचाच. सहा महिन्यांनी तो जाणवेनासा झाला, पण आईला तो शेवटपर्यंत जाणवत राहिला.

कनिंगहॅमच्या डिसेक्शनच्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागाशी, म्हणजे डोकं, मान आणि मेंदू यांच्याशी आमची गाठ पडली ती सगळ्यात शेवटी. हॉलमधले मामा फॉर्मालिनच्या बादलीतून मेंदू काढून ट्रेमध्ये ठेवायचे. वरून मेंदू अक्रोडासारखा दिसतो, ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सरांची पहिली सूचना ठरलेली: "पालथा करा. तळ दिसला पाहिजे." मग चिमट्याने पातळ, चिकट पडदा सोलत बसायचं आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करायच्या. शेवटी जर्नलमध्ये आकृती.

मी चाळीतला हुशार मुलगा. आदल्या रात्रीच ग्रेच्या ॲनाटॉमीतली आकृती उतरवून, लाल पेन्सिलीने रंगवून जर्नल तयार करून ठेवलं होतं. सुरेख, दोन्ही बाजूंनी सारखं, मिटलेलं वलय. सरांनी ते जर्नल ट्रेच्या शेजारी ठेवलं. चिमट्याच्या टोकाने आमच्या मेंदूतला उजवीकडचा एक धागा उचलून दाखवला. जिथे माझ्या चित्रात ऐटबाज लाल नळी होती, तिथे प्रत्यक्षात शिवणाच्या दोऱ्याएवढं काहीतरी होतं.

"हे चित्र कोणाचं?"

"सर, ग्रेमधलं."

"ग्रे इथे नाहीत. इथे हे आहेत. तुमच्या टेबलावर जे आहे ते काढा."

सर बॉडीला बॉडी म्हणत नसत. 'हे' म्हणत, किंवा 'ह्या'. आम्हाला ते तेव्हा विचित्र वाटायचं.

हे म्हणजे कोण, याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी कॉलेजांकडे देण्याची कायदेशीर वाट घालून दिली. आमच्या टेबलांवर आलेली माणसं बहुतेक त्या वाटेने आलेली होती. नाव नाही, फक्त टेबलाचा नंबर. गिरणगावाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या हॉलमध्ये कोण येत असेल याचा अंदाज लालबागच्या मुलाला करता येत होता. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला, गाळ्यात वळकटीएवढी जागा घेऊन राहिलेला, ज्याच्या गावी पत्र जाईपर्यंत उशीर झाला असा कोणी. त्यांच्या हाताचे तळवे पाहिले की काम कळायचं. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. यापुढे मला काही बोलवत नाही.

हे कॉलेजच मुळात एका हट्टातून उभं राहिलेलं आहे. मुंबईत वैद्यकाचं शिक्षण १८४५ पासून होतं, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात. तिथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पण वरच्या जागा गोऱ्या सरकारी डॉक्टरांच्या. सेठ गोर्धनदास सुंदरदासांच्या मिळकतीतून परळच्या कॉलेजाला पैसे देताना विश्वस्तांनी अट घातली की इथले शिक्षक भारतीय असले पाहिजेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत. १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झालं. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आपल्या माणसांनी आपल्या माणसांची शरीरं पाहून शिकावं आणि शिकवावं, ही ती अट होती असं मी मानतो.

आता मेंदूकडे येऊ. दीड किलोलाही न भरणारा हा अवयव, शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे सातवा हिस्सा एकटा घेतो. स्वतःकडे साठा काही ठेवत नाही. रक्त थांबलं की दहा सेकंदांत शुद्ध जाते, काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. हे रक्त चार वाटांनी येतं. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्यांना रोहिणी म्हटलंत, दवाखान्यात आर्टरी म्हणतात, घरात नस. मी धमनी म्हणतो. मानेच्या पुढच्या बाजूला दोन कॅरोटिड, ज्या आता तुम्ही जबड्याखाली बोटं ठेवलीत तर ठोके देताना लागतील. आणि मागे दोन व्हर्टिब्रल, मानेच्या मणक्यांच्या कडेच्या भोकांतून एकेक मजला चढत वर जाणाऱ्या. मानेच्या वाहिन्यांचं महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी कळलेलं होतं. सुश्रुताने मानेच्या दोन बाजूंना चार-चार अशा आठ सिरामातृका सांगितल्या आणि त्यांना सद्यःप्राणहर मर्मांत घातलं. इथे घाव बसला की माणूस लगेच जातो. पण त्या कवटीत शिरल्यावर पुढे काय होतं, ते पाहायला मेंदू पालथा करावा लागतो.

कवटीत शिरल्यावर दोन व्हर्टिब्रल एकत्र येऊन एकच बॅसिलर धमनी होते. ती वर चढून पुन्हा दुभंगते आणि मेंदूच्या मागच्या भागाला जाते. पुढे प्रत्येक कॅरोटिडच्या दोन मोठ्या फांद्या: एक मधोमध पुढे, दुसरी बाजूला. इथवर ही दोन वेगळी खाती झाली, पुढचं आणि मागचं. त्यांना जोडणाऱ्या तीन लहान नळ्या आहेत. पुढच्या दोन धमन्यांमध्ये एक, जेमतेम काही मिलीमीटर लांबीची, आणि पुढच्या-मागच्या खात्यांना जोडणारी दोन्ही बाजूंना एकेक. नऊ तुकड्यांचा हा सांगाडा दृष्टीचे मज्जातंतू एकमेकांना ओलांडतात त्या जागेभोवती बसतो, जुन्या रुपयाच्या नाण्याभोवती ओवलेल्या कड्यासारखा. यालाच विलिसचं वलय म्हणतात.

विलिसच्या आधी तेराशे वर्षं इथे वेगळंच काही आहे असं सगळे मानत होते. गेलन या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं की मेंदूच्या तळाशी धमन्यांची एक अद्भुत जाळी असते, तिथे जीवनशक्तीचं रूपांतर होतं. गेलन खोटं बोलत नव्हता. त्याने जनावरं फाडली होती, आणि गुराढोरांना, शेळ्यामेंढ्यांना ती जाळी खरोखरच असते. भायखळ्याच्या खाटकाकडून बोकडाची मुंडी आणा, मेंदू हळूच उचला, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना केसांच्या गुंत्यासारखी ती दिसेल. मी पुढे मेंदूच्या शस्त्रक्रिया करू लागलो. मायक्रोस्कोपखाली हात बसवायला आमचे रेसिडेंट मुंड्यांवर सराव करायचे, तेव्हा मी त्यांना ती जाळी आधी शोधायला लावायचो. माणसात ती नाही. सोळाव्या शतकात शरीररचनाकारांपैकी बेरेंगारिओने शंका घेतली, १५४३ मध्ये व्हेसॅलियसने उघड नाकारली. मधल्या काळात असंख्य डॉक्टरांनी माणसाचा मेंदू समोर असताना त्यात बोकडाची जाळी पाहिली, कारण ती पुस्तकात होती. सरांनी माझ्या जर्नलवर विचारलेला प्रश्न तेराशे वर्षं कुणी विचारला नव्हता.

थॉमस विलिस हा ऑक्सफर्डचा डॉक्टर. १६६४ साली त्याचं मेंदूवरचं पुस्तक निघालं, त्यातली बरीच चित्रं ख्रिस्तोफर रेनने काढली, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं. हे वलय विलिसच्या आधी इतरांनी पाहिलं होतं. मग नाव त्याचंच का? कारण त्याने विचारलं, हे कशासाठी आहे. त्याने एका बाजूच्या कॅरोटिडमध्ये रंगीत द्रव सोडला आणि तो दुसऱ्या बाजूच्या कॅरोटिडमधून बाहेर आलेला पाहिला. शिवाय त्याच्याकडे एक माणूस होता. पोटातल्या गाठीने वारलेला हा माणूस विलिसने फाडून पाहिला, तर त्याची उजवी कॅरोटिड कवटीत दगडासारखी कडक झालेली, जवळजवळ पूर्ण बुजलेली. तरी हयातीत त्याला ना पक्षाघात, ना शुद्ध हरपणं. त्याच बाजूची व्हर्टिब्रल मात्र दुसऱ्या बाजूच्या तिप्पट जाड झाली होती. रक्ताने मागची वाट धरून पुढची गरज भागवली होती.

वलय म्हटलं की डोळ्यांसमोर सर्कल येतं, गोल गोल फिरणाऱ्या गाड्या. रक्त तसं फिरत नाही. निरोगी माणसात जोडनळ्यांतून फारसं रक्त वाहतच नाही. दोन्हीकडून सारखाच दाब येतो आणि मध्ये तो तोलला जातो. चाळीच्या गच्चीवरच्या दोन टाक्यांना जोडणारी नळी असते, तशी. एरवी तिच्याकडे कुणी बघत नाही. एक टाकी रिकामी झाली की तिची किंमत कळते. २०२५ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला तेव्हा परळहून प्रभादेवीला जाणारी गाडी दादरच्या टिळक पुलाकडे नाहीतर करी रोडच्या पुलाकडे वळली. हे पूल आधीपासून होते म्हणून वळली. आणि करी रोडचा पूल अरुंद आहे, तो आपली अडचण पाहून त्या दिवशी रुंद झाला नाही. धमनीचं एवढं बरं की तिला महिनोन्महिने सवड मिळाली तर ती रुंद होते. विलिसच्या माणसाची झाली. कॅरोटिड हळूहळू बुजते तेव्हा माणूस चालता-बोलता राहतो, आणि तीच कॅरोटिड गुठळीने एका क्षणात बंद पडली तर आडवा होतो, त्याचं कारण हे.

आणि आता माझ्या जर्नलची गोष्ट. १९५९ साली आल्पर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० मेंदू तपासले. पुस्तकात दाखवतात तसं वलय निम्म्यापेक्षा थोड्याच जास्त मेंदूंत सापडलं. नंतर अधिक कडक मोजमापं लावणाऱ्यांना त्याहूनही कमी सापडलं. कुठे जोडनळी दोऱ्याएवढी, कुठे पुढच्या दोनपैकी एक धमनी अगदी किरकोळ आणि दुसरी दोन्ही बाजू पोसणारी, कुठे मागच्या भागाचं रक्त गर्भात असताना जसं कॅरोटिडकडून यायचं तसंच आयुष्यभर येत राहिलेलं. ही माणसं आजारी नव्हती. ती तशीच जन्मली, जगली, आणि त्यांना कधी पत्ताही लागला नाही. आकृतीतलं सुबक वलय ही शिकायच्या सोयीसाठी केलेली जुळणी आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभं राहिलं की ही गोष्ट फार महत्त्वाची होते. धमनीच्या भिंतीला कमजोर जागी कधी फुगा येतो. अशा धमनीवर काम करताना कधीकधी मोठी धमनी थोडा वेळ चिमट्याने बंद ठेवावी लागते. किती मिनिटं ठेवता येईल? माणसागणिक उत्तर वेगळं. कॅरोटिड कायमची बंद करायची वेळ आली तर आम्ही आधी एक चाचणी करतो. रुग्ण जागा असतो. मांडीतून नळी घालून तिच्या टोकावरचा इवलासा फुगा कॅरोटिडमध्ये फुगवतात आणि त्या बाजूचं रक्त अडवतात. मग आम्ही त्याच्याशी गप्पा मारतो. गाव कोणतं, मुलं किती, डावा हात वर करा, शंभरातून सात वजा करत जा. तो बोलत राहिला, तर त्याचं वलय त्याला सांभाळतं आहे. शब्द अडखळला की फुगा लगेच सोडायचा.

एवढ्यावर थांबलो तर वलय असलं की सगळं भागतं, असा तुमचा समज होईल. तसं नाही. या मोठ्या धमन्यांच्या पाठीतून सरळ वर मेंदूच्या गाभ्यात घुसणाऱ्या असंख्य बारीक फांद्या असतात, शेवयांहून बारीक, काही तर मायक्रोस्कोपशिवाय न दिसणाऱ्या. हात-पाय हलवणाऱ्या तंतूंचा जुडगा, स्मरणाचे, जागेपणाचे गाभे यांच्यावर पोसलेले. त्यांना जोडनळी नाही. हमरस्ता बंद झाला तर वळसा घालता येतो, पण चाळीतल्या शेवटच्या खोलीला जायला एकच बोळ असतो. बोळ बुजला की खोली गेली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदीच्या वर्षांत लालबागमध्ये खाणावळ चालवणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. अचानक डोकं फुटेल असं दुखलं, उजवी पापणी मिटली, बाहुली मोठी. हे लक्षण तुम्हीही ध्यानात ठेवा. आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं एका क्षणात दुखणं, आणि त्यासोबत एक पापणी पडणं. घरी बाम चोळत बसू नका, डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घेत बसू नका. कॅरोटिडमधून मागची जोडनळी निघते त्या फाट्यावर फुगा आला की तो शेजारून जाणाऱ्या डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब देतो. फुगा एकदा फुटलेला असतो, तो पुन्हा फुटायच्या आत पोचायचं असतं.

आम्ही शस्त्रक्रिया केली. फुगा दिसला, त्याची मान, म्हणजे धमनीला जोडलेला भाग, मोकळी केली, क्लिप बसली, फुगा निपचित पडला. खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण जोडनळीच्या जरा पुढे कॅरोटिडमधून आणखी एक बारीक धमनी निघते, अँटिरियर कोरॉइडल. जेमतेम एक मिलीमीटरची. मावशींची ती नेहमीपेक्षा खाली, फुग्याच्या मानेला चिकटून निघाली होती आणि क्लिपच्या टोकात अडकली होती. मला ती दिसली नाही, कारण ती जिथे असायची तिथे मी पाहत होतो. मावशी शुद्धीवर आल्या, बोलल्या, मला ओळखलं. डावा हात आणि पाय उचलला नाही. पुढे पाय थोडा आला, हात आला नाही. पंचवीस-तीस गिरणी कामगारांच्या पोळ्या दोन्ही वेळा लाटणारा हात होता तो. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दर दिवाळीला मुलाच्या हाती फराळ पाठवायच्या. तो डबा घेताना मला जे वाटायचं ते इतक्या वर्षांत कमी झालेलं नाही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री अँजिओग्राफीच्या फिल्म लाइटबॉक्सवर लावायच्या आणि त्या रुग्णाचं वलय स्वतःच्या हाताने कागदावर काढायचं. छापील आकृतीत भरायचं नाही, कोऱ्या कागदावर काढायचं. जी धमनी दिसत नाही तिथे रेघ ओढायची नाही. रेसिडेंट कुरकुर करायचे, पण काढायचे.

फुग्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा आहे, त्यातलं थोडंच सांगतो. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनीझने जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा एक्स-रेवर दाखवल्या. २३ मार्च १९३७ रोजी बाल्टिमोरला वॉल्टर डँडीने फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली. तो फुगाही मावशींच्याच जागी होता, आणि त्या रुग्णाचीही पापणी पडली होती. नंतर झुरिचच्या याझारगिल यांनी मायक्रोस्कोप आणला आणि मेंदूच्या घड्यांमधल्या पाण्याच्या नैसर्गिक वाटांनीच, मेंदू न दाबता, तळापर्यंत जायला शिकवलं. फ्लॉरिडात अल्बर्ट ऱ्होटन आयुष्यभर मृतदेहांच्या धमन्यांत रंगीत लेटेक्स भरून त्या मोजत राहिले. जगभरच्या आमच्या पिढीला त्यांनीच बारीक फांद्या ओळखायला शिकवलं. आता बरेचसे फुगे मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून आतून कॉइलने भरतात, गुग्लिएल्मींनी १९९० च्या सुमारास ती वाट उघडली. मुंबईत ती पायवाट पाडणाऱ्यांत केईएमचे डॉ. अनिल कारापूरकर होते. कवटी उघडा किंवा उघडू नका, आत वलय कसं आहे हे कळल्याशिवाय कुणाचंही पाऊल पुढे पडत नाही.

मुंबईत मेंदूच्या शस्त्रक्रियेची सुरुवात १९५० च्या दशकातली. डॉ. राम गिंडे माँट्रियलला पेनफील्ड यांच्याकडे शिकून आले. केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी विभाग उभारला. त्या विभागाने पुढे जगाला जे दिलं ते वलयाच्या जरा खालचं आहे, पण आजच्या विषयाला अगदी लागून आहे, आणि परळचं आहे, म्हणून मला सांगितलंच पाहिजे.

मघा मी म्हटलं की व्हर्टिब्रल धमनी मणक्यांच्या भोकांतून चढत जाते. वरच्या दोन मणक्यांपाशी ती सरळ चढत नाही. दुसऱ्या मणक्यातून बाहेरच्या अंगाला वळते, पहिल्याच्या भोकातून वर येते, त्याच्या मागून कमानीवरच्या खाचेतून वळसा घालते आणि मग कवटीत शिरते. इतके वळसे कशाला? आता मान उजवीकडे वळवून शेजाऱ्याकडे बघा. मानेच्या या वळण्यातला जवळजवळ अर्धा भाग त्या दोन मणक्यांमध्येच होतो. धमनी ताठ असती तर प्रत्येक वळणाला ताणली गेली असती. ती सैल ठेवलेली आहे, लोकलमधल्या लोंबत्या कडीसारखी.

काही माणसांत जन्मतःच किंवा आजाराने हे दोन मणके एकमेकांवरून सरकतात आणि आतला मज्जारज्जू दाबतात. हातापायांतली ताकद जाते. केईएमच्या ओपीडीत असे रुग्ण देशभरातून यायचे. ते मणके घट्ट बसवायचे तर स्क्रू लागतात, आणि स्क्रूच्या वाटेवर ही धमनी. डॉ. अतुल गोयल यांनी दोन मणक्यांमधला सांधाच उघडला आणि दोन्हींच्या कडेच्या भरीव भागांत सरळ स्क्रू बसवून त्यांवर पट्टी लावली. १९९४ साली त्यांनी आणि डॉ. लाहेरी यांनी हे काम प्रसिद्ध केलं. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी त्यात पट्टीऐवजी दांडी आणली, आणि आज जगात ही पद्धत गोयल-हार्म्स या नावाने केली जाते. त्यामागे काय होतं ते मात्र बाहेर फारसं कुणी सांगत नाही. परळला सुकी हाडं हातात घेऊन, मृतदेहांत धमनी उघडी करून, तिची खाच किती खोल, किती उंच, स्क्रूला किती मिलीमीटर जागा उरते, हे बसून मोजलेलं आहे. तिथेही उत्तर तेच आलं: डावी उजवीसारखी नसते, आणि काहींत ती इतकी वर चढलेली असते की त्या बाजूला स्क्रू घालूच नये.

हॉल आता बदलला आहे. बेवारसांबरोबर स्वेच्छेने देहदान केलेली माणसं येतात, नावासकट, कुटुंब दारापर्यंत सोडायला येतं. गिरगाव, दादरमधून माझ्याकडे अनेक जण चौकशी करतात, म्हणून एवढं सांगतो: मृत्यूनंतर काही तासांतच देह पोचावा लागतो, पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि नेत्रदान करून देहदान करता येतं. फॉर्म भरला आणि घरच्यांना सांगितलं नाही तर त्याचा उपयोग होत नाही, कारण फोन करायला तुम्ही नसता.

सरांचं शेवटचं सांगून थांबतो. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी त्यांना दोन-तीनदा डाव्या हाताला क्षणभर मुंग्या आल्या. माझ्याकडे आले. एमआर अँजिओग्राफी केली. उजवी कॅरोटिड मानेतच पूर्ण बंद होती, बहुधा बरीच वर्षं. वर मेंदूत सगळीकडे रक्त पोचत होतं. मागून आलेली उजवी जोडनळी चांगली जाडजूड झालेली, पुढची इवलीशी नळीही उघडी. विलिसचा माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसला होता आणि चहा पीत होता.

मी सवयीने आदल्या रात्री कागदावर चित्र काढून ठेवलं होतं. ते पुढे केलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे चित्र कोणाचं?"

"तुमचं, सर."

बराच वेळ ते पाहत राहिले. मग उठून फिल्मजवळ गेले, आणि खिशातली पेन्सिल काढून माझ्या कागदावर डावीकडच्या जोडनळीशी टेकवली.

"मग ही एवढी सरळ कशी काढलीस? नीट बघ. इथे वळली आहे."